दोन्ही हातमोजे

माझ्या वडिलांच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती.
शर्टाची गुंडी लावायला त्यांना वेळ लागे,
आणि तेवढ्या वेळात कुणी मदतीला जायचं नाही
असा घरातला न सांगितलेला कायदा.

लहानपणी वाटे, युद्धात गेली म्हणजे गोळीनंच गेली असतील.
थंडीनं गेली.
चाळीस सालचा फेब्रुवारी, गोठलेलं लाडोगा सरोवर,
श्वास ओठांपाशीच मोडायचा, असं ते सांगत;
आणि सांगत तेही फक्त मासे साफ करताना,
नजर खवल्यांवर ठेवून.

रशियन विमान त्यांनीच पाडलं होतं.
ते बर्फावरून पोटावर घसरत गेलं, जरासं पेटलं,
धुरातून कुणी बाहेर आलं, मुंगीएवढं.
वडील खाली उतरत पुन्हा त्याच्यावर आले
तेव्हा ते माणसाएवढं झालं.
गोळ्या शिल्लक होत्या, हे ते आवर्जून सांगत,
संपल्या होत्या असं कुणाला वाटू नये म्हणून.

माणसानं हात वर केले.
हात उघडे होते.

"बस, एवढंच," वडील म्हणत.
"त्या हवेत उघडे हात दिसले की
आपल्याकडचा माणूस आधी थंडीच्या विरुद्ध उभा राहतो,
मग उरलेल्या शत्रूंच्या."

कातडी मोज्यांवर चढवलेले लोकरीचे मोजे त्यांनी दातांनी ओढून काढले,
एकमेकांत खोचले, काच सरकवली,
आणि विमान जवळजवळ बर्फाला टेकवत टाकून दिले.

तो पालथा पडला. डोकं झाकून.
बाँब समजला.
वडिलांना इथं दरवेळी हसू येई, आणि दरवेळी
सुरी क्षणभर थांबे.

मग तो रांगत गेला. मोजे घातले.
उगवतीकडे चालू लागला.
हात हलवला नाही त्यानं.
"बरं झालं," वडील म्हणत,
"हलवला असता तर मलाही हलवावा लागला असता."

सरकवलेली काच पुन्हा बसेना.
तळापर्यंत चाळीस मिनिटं, डावा हात वाऱ्याच्या तोंडी.
तिथं सांगितलं, बंदूक अडकली.
पाच दिवसांनी, हाताला बँडेज असताना,
त्यांनी आणखी एक विमान पाडलं. त्यातून कुणी बाहेर आलं नाही.
हेही ते त्याच आवाजात सांगत,
आणि खवले बादलीत पडत राहत.

त्यांची आई, लेम्पी, त्या मार्चमध्ये गाव सोडून निघाली
ती एका गाईसह आणि शिवणयंत्रासह.
इम्पिलाहती पलीकडे गेलं. चूल, विहीर, तिच्या माणसांच्या कबरी,
सगळं पलीकडे.
परक्याच्या स्वयंपाकघरात तिनं मुलाचा हात पाहिला
आणि विचारलं, मी विणलेले मोजे कुठंयत?
हरवले, म्हणाले.

तिनं सुया काढल्या. बराच वेळ टाके मोजले.
मग वर न बघता म्हणाली,
"माणसाचा मोजा हरवतो, तो एक हरवतो, ताउनो.
दोन्ही जातात ते दिलेले असतात."

कुणाला, ते तिनं विचारलं नाही.
तिच्या घरात तेव्हा कुणीतरी दुसरंच चूल पेटवत होतं.
मनगटावर लाल पट्टी, त्यावर हरणाच्या शिंगांची नक्षी,
आमच्या गावाची खूण; तीच तिनं नव्या जोडीत घातली.
डाव्या मोज्यात दोन बोटांची जागा रिकामी राही,
तिथं लोकर थोडी कोंबून.

वडील गेल्यावर मला त्यांचा नकाशा सापडला.
विमान पडलं तिथं टिंब.
तिथून पट्टी ठेवून ओढलेली शिसपेन्सिलीची रेघ, उगवतीकडे,
कडेला आकडे: किती किलोमीटर, ताशी किती चालेल,
अंधार किती वाजता.
आकडे दोनदा खोडून पुन्हा मांडलेले.

रेघ किनाऱ्याच्या जरा अलीकडे थांबते.
पेन्सिल तुटली असेल.
किंवा कुणी जेवायला हाक मारली असेल.